पुढच्या ओळीतली झाडे

फिशटँकची झाडे विकणाऱ्या दुकानात जाऊन "पुढे लावायला काहीतरी बुटके द्या" असे सांगितले, की दुकानदार बहुधा एकच शब्द बोलतो. "गवत?" आपण मान डोलावतो. तो टबात कोपरापर्यंत हात घालतो, बुडाला शिशाची पट्टी गुंडाळलेली एक जुडी काढतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकून वर दोन ओंजळी पाणी घालतो आणि व्यवहार संपतो. झाडाचे नाव त्यालाही ठाऊक नसते, आपणही विचारत नाही. कोथिंबिरीची जुडी घेताना मात्र गावठी आहे ना, एवढे तरी आपण विचारतोच.

वीसेक वर्षांपूर्वी मीही अशीच एक जुडी घरी आणली. गडद हिरवी, ताठ, वीतभरही नसलेली पाती. टाकीच्या पुढच्या काचेला लागून ती ओळीने लावली. दोन महिने ती जशी लावली तशी उभी राहिली. एक पान नवे आले नाही, एक पडलेही नाही. झाड रुजतंय, वेळ घेतंय, असे मी घरी सांगत होतो. तिसऱ्या महिन्यात बुंधे पिवळे पडले. मी खत घातले. मग दिवा वाढवला, दिव्यामुळे काचेवर शेवाळ आले, शेवाळावर औषध घातले, औषधाने टाकीतल्या गोगलगायी मेल्या. चौथ्या महिन्यात एक पात हलकेच ओढली तर अख्खे रोप हातात आले आणि सोबत कुजक्या मुळांचा वास. हे सगळे रामायण झाल्यावर कळले, की ते पाण्यातले झाडच नव्हते. ओफिओपोगॉन जॅपोनिकस, म्हणजे बंगल्यांच्या बागेत फरशांच्या कडेने लावतात ते मोंडो ग्रास. नावात ग्रास असले तरी गवतही नाही, शतावरीच्या कुळातले आहे. पाण्याखाली ते चार महिने सावकाश मरत होते आणि त्या मरणाला मी तग धरणे समजत होतो.

हे पुस्तक त्या जुडीपासून सुरू झाले असे म्हणायला हरकत नाही. त्यानंतर इतकी वर्षे या छोट्या झाडांच्या मागे घालवल्यावर माझे एक ठाम मत झाले आहे: झाड ओळखणे आणि झाड वाढवणे ही दोन वेगळी कामे नाहीत. पुढच्या ओळीतली झाडे मेली की लोक खत, दिवा, पाणी यांना दोष देतात. मला मात्र बहुतेक वेळा मूळ चूक नावात सापडली आहे. एक तर झाड वेगळेच असते, नाहीतर झाड तेच असते पण ते जमिनीवरच्या रूपात आहे की पाण्यातल्या, हे घेणाऱ्याला कळलेले नसते.

आपल्या भाषेचाही यात थोडा हात आहे. पाण्यातल्या कुठल्याही हिरव्या वस्तूला मराठीत एक शब्द पुरतो. विहिरीच्या पायरीवरून पाय घसरतो ते शेवाळ, पावसाळ्यात कौलांवर मखमल चढते ते शेवाळ, तळ्यात हिरवे दोरे तरंगतात ते शेवाळ आणि हायड्रिलाच्या लांबलचक वेली निघतात तेही शेवाळच. यात शैवल आहे, मॉस आहे आणि चांगली फुले येणाऱ्या वनस्पतीही आहेत. मी एकदा आठवडाभर गावी गेलो असताना माझ्या आईने कौतुकाने टाकी साफ केली. काचेवरचे खरे शैवल तिने तसेच ठेवले, कारण ते पुसट होते आणि तिच्या नजरेत आले नाही. दगडावर दोऱ्याने बांधून चार महिने वाढवलेली रिक्सिया नावाची वनस्पती मात्र चमच्याने खरवडून काढली. "किती शेवाळ साठलं होतं रे," असे ती वर म्हणाली. तिचे काय चुकले? तिच्याजवळ दुसरा शब्दच नव्हता.

पुढची ओळ म्हणजे काय, हे आधी सांगतो. टाकीसमोर बसल्यावर काचेला लागून जी जागा दिसते ती. तिथे लावायचे झाड साधारण चार बोटांहून उंच जाऊ नये, नाहीतर मागचे काही दिसत नाही. शाळेच्या फोटोत बुटकी मुले पुढे बसवतात त्यातला प्रकार. पण बुटके झाड म्हणजे सोपे झाड, हा समज पहिल्या महिन्यातच मोडतो. मागे लावलेली उंच झाडे वाढत वाढत दिव्याजवळ पोचतात. पुढच्या ओळीतल्या झाडाला ती सोय नाही. ते आयुष्यभर टाकीच्या तळाशी, दिव्यापासून सगळ्यांत लांब राहते. वरून माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य त्याच्याच अंगावर पडते. पाण्याचा प्रवाह तळाशी मंद, म्हणून कार्बन डायऑक्साइडही तिथे उशिरा पोचतो. हवेच्या तुलनेत पाण्यात हा वायू सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. हवेशी समतोल साधलेल्या साध्या पाण्यात तो लिटरमागे एक मिलिग्रॅमही नसतो. हिरवा गालिचा ज्यांना हवा असतो ते तो लिटरमागे तीस मिलिग्रॅमच्या आसपास नेतात. या दोन आकड्यांमधले अंतर पाहिले, की चित्रातली टाकी आणि आपली टाकी यांत फरक का पडतो ते समजते.

चित्र म्हटले की ताकाशी आमानो यांचे नाव आलेच. १९५४ साली जपानमधल्या निगातामध्ये जन्मलेला हा माणूस आधी सायकल-शर्यतींत उतरणारा व्यावसायिक खेळाडू होता, मग निसर्गाची छायाचित्रे काढणारा. १९८२ साली त्याने मत्स्यालयाच्या सामानाची कंपनी काढली आणि नव्वदच्या दशकात आपल्या टाक्यांच्या छायाचित्रांची पुस्तके प्रसिद्ध केली. त्याआधी या छंदात हॉलंडची पद्धत वरचढ होती. तिकडे बागेत वाफे करावेत तशा झाडांच्या रांगा लावत. आमानोने रांगा मोडल्या. तीन किंवा पाच दगड, मागे रिकामी जागा आणि दगडांच्या पायथ्याशी एकाच झाडाची हिरवळ, एवढ्यावर त्याने टाक्या उभ्या केल्या. तोवर पुढची ओळ म्हणजे कडेची किनार होती. त्याच्या टाकीत तीच मुख्य झाली. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातले ग्लॉसोस्टिग्मा एलाटिनॉइड्स हे नखाएवढ्या पानांचे झाड त्याच्या छायाचित्रांमुळे जगभर गेले. पाण्यावर तरंगणारे रिक्सिया दगडाला बांधून तळाशी ठेवायची युक्तीही त्यानेच रूढ केली. २०१५ साली, मृत्यूच्या काही महिने आधी, लिस्बनच्या मत्स्यालयात त्याने चाळीस मीटर लांबीची टाकी उभारली.

आमानोचा मी चाहता आहे, पण त्याच्या छायाचित्रांनी आपले एक नुकसानही केले. त्याची टाकी म्हणजे महिनोन्महिने राखलेल्या बागेचा एका दिवसाचा फोटो. आपण तो फोटो पाहून दुकानात जातो आणि "असं गवत द्या" म्हणतो.

म्हणून आता ओळखीकडे वळू. ही झाडे पानाच्या आकारावरून ओळखायला गेलात तर फसाल. कुळावरून ओळखा. गावाकडे एखाद्या मुलाला "तू कोणाचा?" असे विचारतात; आडनाव कळले की घराणे कळते, घराणे कळले की स्वभावाचा अंदाज येतो. झाडांचेही तसेच आहे, आणि गंमत म्हणजे यांतली बरीचशी घराणी आपल्या परसात आणि स्वयंपाकघरात आधीपासून आहेत.

ज्याला सगळे हेअरग्रास म्हणतात ते एलिओकॅरिस घ्या. त्याच्या हिरव्या सुया म्हणजे पाने नव्हेतच, ती खोडे आहेत. सुई दोन बोटांत धरून फिरवली तर गोल लागते, गवताच्या पातीसारखी चपटी लागत नाही. हे लव्हाळ्याच्या आणि नागरमोथ्याच्या घराण्यातले. शेतात नागरमोथा उपटून कोण थकले नाही? वरून कापला तरी जमिनीखालून धावत जाऊन पुढे डोके काढतो. हेअरग्रासही तसेच खालून धावते. म्हणूनच मोठी जुडी एका जागी खोचण्यापेक्षा चार-चार सुयांचे झुबके लांब लांब लावले, तर मधली जागा ते आपण होऊन भरते.

त्याच्याच शेजारी लिलिऑप्सिस ठेवले तर नवखा माणूस दोन्हींना गवत म्हणेल. लिलिऑप्सिसचे पान उजेडासमोर धरून भिंगातून पाहा. बांबूच्या पेरांसारख्या आडव्या रेषा दिसतील. या रेषा दिसल्या की पुढे काही तपासायची गरज नाही. हे कोथिंबीर, गाजर आणि जिऱ्याच्या कुळातले आहे, हे सांगितल्यावर माझ्या बायकोने ते आमटीत घालता येईल का असे विचारले होते. स्वभावाने हे अतिशय धिमे. लावल्यावर महिनाभर त्याच्याकडे बघू नये, हे उत्तम.

तिसरे "गवत" हेलँथियम टेनेलम, जुन्या पुस्तकांत आणि अजूनही कित्येक दुकानांत एकायनोडोरस टेनेलस. पाने मुळापासून गुच्छाने निघतात, धावती फांदी वाळूवरून जाते आणि ठरावीक अंतरावर पिल्लू टाकते. उजेड भरपूर असला की पाने तांबूस होतात. याच्या नावाने सॅजिटेरिया सुबुलाटा खपवतात ते मात्र सांभाळा. ते महिनाभर बोटभर राहते आणि मग एके दिवशी मनात आले की हातभर उंच जाते. सॅजिटेरिया आणि व्हॅलिस्नेरिया यांत गोंधळ झाला, तर पानाचे टोक बोटांत धरून उलट्या दिशेने हळूच ओढा. व्हॅलिस्नेरियाला बारीक दाते लागतात, सॅजिटेरिया गुळगुळीत.

पानवाल्या झाडांत खरी मारामारी एचसी आणि मॉन्टे कार्लो यांची. एचसी म्हणजे हेमिअँथस कॅलिट्रिकॉइड्स, क्युबातून आलेले. दोघांचीही पाने समोरासमोर जोडीने येतात, दोघेही जमिनीलगत सरपटतात. मी मोजमापासाठी डब्यातल्या वस्तू वापरतो: पान मोहरीएवढे असेल तर एचसी, मसुराएवढे असेल तर मॉन्टे कार्लो. नाव ऐकून जुगाराचा अड्डा आठवतो, पण हे मॉन्टेकार्लो अर्जेंटिनातल्या मिसिओनेस प्रांतातले एक गाव आहे. हा फरक नुसता नावापुरता नाही. एचसीला थंड पाणी, भरपूर कार्बन डायऑक्साइड आणि दिव्याखालची मोकळी जागा लागते. मॉन्टे कार्लो या तिन्हींच्या बाबतीत बरेच सोशिक आहे. नागपूरचा माणूस एचसी लावून दर मे महिन्यात रडत असेल, तर त्याच्या हातात दोष नाही. त्याने मसूर घ्यायला हवा होता. ग्लॉसोस्टिग्मा यांच्याहून मोठे, पान जिभेसारखे, देठाकडे निमुळते. नावातला ग्लॉसो म्हणजे जीभच. त्याची एक खोड ओळखीला उपयोगी पडते: उजेड कमी पडला की ते सरपटणे सोडून उभे राहू लागते. ते उभे राहिले की समजावे, ते दिव्याबद्दल तक्रार करते आहे.

मार्सिलिया हे तर सोंगाड्या. पाण्याबाहेर चार पाकळ्यांचे, लहानपणी आपण नशीब आजमावायला शोधायचो तसे पान. पाण्याखाली गेले की तेच झाड लांब देठावर एकच गोल पाकळी धरते. दोन्ही रूपे शेजारी ठेवून एकच नाव सांगितले तर कोणी विश्वास ठेवणार नाही. ओळखायचे असेल तर नवे कोवळे पान पाहा. ते प्रश्नचिन्हासारखे गुंडाळलेले असते, कारण हा नेचा आहे आणि नेच्याचे पान असेच उलगडते. भाताच्या खाचरांत याचा एक भाऊ, मार्सिलिया मिनुटा, आपल्याकडे सर्रास उगवतो.

क्रिप्टोकोराइन अळवाच्या घराण्यातले. श्रीलंकेतले क्रिप्टोकोराइन पार्वा त्यांत सगळ्यांत बुटके, आणि आळशीपणात पहिले. या घराण्याला स्थलांतर सोसत नाही. टाकी बदलली, पाणी बदलले, कधी कधी नुसता दिवा बदलला, तरी आठ दिवसांत सगळी पाने वितळून पारदर्शक चिकट लगदा होतात. नवखा माणूस घाबरून रोप उपटून फेकतो. अळू कापल्यावर कांदा जमिनीत जिवंतच राहतो हे ज्याला माहीत आहे, तो थांबतो. महिन्याभरात मुळापासून नवी पाने येतात, आणि ती त्या पाण्याची सवय घेऊनच येतात. याच घराण्यातले बुटके ॲन्युबिअस मात्र वाळूत पुरू नये. त्याचे आडवे खोड दगडावर उघडे ठेवावे. पुरले की कुजते.

बाकीच्यांचा परिचय पुढे प्रकरणांत येईलच. स्टॉरोगाइन रेपन्स ब्राझीलचे, पण अबोली-अडुळशाच्या कुळातले, म्हणून शेंडा खुडला की फुटते. पोगोस्टेमॉन हेलफेरी थायलंड-म्यानमारच्या सीमेवरचे. तिथे त्याला 'छोटा तारा' म्हणतात, आणि वेणीत माळतात तो पाच त्याचा नातेवाईक. युट्रिक्युलारिया ग्रॅमिनिफोलियाला खरी मुळेच नाहीत. त्याच्या अंगावर बारीक फुगे असतात आणि त्यांत तो सूक्ष्म जीव पकडून खातो. खताने भरलेल्या मातीत तो लावणे म्हणजे उपाशी राहून जगणाऱ्याला पंगतीत बसवणे. कासच्या पठारावर सप्टेंबरात जी 'सीतेची आसवे' फुलतात ती याच घराण्यातली.

घराणे कळले तरी एक फसवणूक उरते, आणि ती झाड स्वतःच करते. आपण विकत घेतो ती बहुतेक रोपे रोपवाटिकेत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. तिथे ती लवकर वाढतात, शेवाळ लागत नाही, हे सगळे खरे. पण हवेतले पान जाड असते, त्याच्यावर मेणाचा थर असतो, ते वायू घेते हवेतून. पाण्याखाली गेले की ते पान निरुपयोगी. झाडाला नवी, पातळ पाने काढावी लागतात आणि जुनी टाकावी लागतात. दुकानातून आणल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत जे पिवळे पडते ते बहुधा आजारी नसते, कपडे बदलत असते. मोंडो ग्रास आणि खरे जलीय झाड यांतला फरकही इथेच कळतो. खरे झाड जुनी पाने टाकते आणि वेगळ्या घडणीची नवी पाने काढते. खोटे झाड काहीच करत नाही. जे पहिल्या महिन्यात अजिबात बदलत नाही त्याच्याविषयी मी आता सगळ्यांत जास्त संशयी असतो.

हल्ली "गालिच्याचे बी" म्हणून पुड्या मिळतात. शिंपडा आणि आठवड्यात हिरवळ पाहा. हिरवळ येते, हे खरे आहे. पण एचसीचे किंवा ग्लॉसोस्टिग्माचे बी अशा पुडीत क्वचितच असते. येते ते बहुधा उंच जाणारे किंवा पाण्याखाली न टिकणारे रोप. पैसे फुकट घालवायचेच असतील तर त्यापेक्षा भेळ खावी.

लागवडीचे प्रकरण लिहिताना मला माझ्या आत्याचा फार उपयोग झाला, हे तिला कळले तर ती हसेल. ती कोकणात उभा जन्म भातशेती केलेली बाई. आमच्याकडे आली असताना मी लांब चिमट्याने मॉन्टे कार्लो लावत बसलो होतो. ती बराच वेळ बघत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "अरे, एवढा जाड चूड लावतोस? फुटवा कुठून येणार त्याला?" मी पुस्तकात वाचल्याप्रमाणे घासभर रोप एकेका भोकात कोंबत होतो. तिने तरवा सोडवतात तसे ते रोप बोटांनी सोडवून चार-चार काड्या वेगळ्या केल्या. "दोन चुडांत जागा सोड. ती जागा त्यांची आहे." आणि मुळाचा भाग पुरून पानांचे फक्त टोक वर राहील एवढे खोल लावायला सांगितले, म्हणजे पाण्याने उपटून वर येत नाही. त्या टाकीत दोन महिन्यांत गालिचा झाला. तोवर मी चार टाक्या वाया घालवल्या होत्या.

अमेरिकेतले टॉम बार यांनी रूढ केलेली कोरड्या सुरुवातीची पद्धत आत्याला सांगितली तेव्हाही तिला नवल वाटले नाही. टाकीत पाणी न भरता ओलसर मातीत रोपे लावायची, वर प्लॅस्टिक ताणायचे, पाच-सहा आठवडे मुळे धरू द्यायची आणि मगच पाणी सोडायचे. "म्हणजे धूळवाफ," ती म्हणाली. पावसाआधी कोरड्या शेतात करतात त्या पेरणीसारखे हे तंतोतंत नाही, पण विचार तोच आहे: पाणी येण्याआधी रोपाने जमीन धरलेली असावी. कार्बन डायऑक्साइडची सोय नसणाऱ्यांनी हा मार्ग धरावा, असे मी सुचवतो.

जमिनीबद्दल कोकणी माणसाने थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही. जांभ्याला लॅटराइट हे नाव फ्रान्सिस ब्युकॅननने १८०७ साली दिले, मलबारात चिरे काढताना पाहून. लॅटिनमध्ये त्याचा अर्थच वीट. १९८०च्या दशकात जर्मनीतले होर्स्ट आणि किपर यांनी मत्स्यालयाच्या तळाशी जांभ्याचा थर घालायची शिफारस केली आणि युरोपात लोक डबाबंद जांभा पैसे मोजून घेऊ लागले. मी रत्नागिरीहून पिशवीभर आणला होता. सांगायची गोष्ट अशी, की जांभ्यात लोह भरपूर, बाकी फारसे काही नाही. हजारो पावसाळ्यांनी ते धुऊन नेलेले असते. मूठभर भुकटी खालच्या थरात मिसळा, वर दीड-दोन मिलिमीटरच्या खड्याची तीन बोटे जाडी द्या आणि पाणी बशीवर ओतत भरा. मी बशी विसरलो होतो. आठवडाभर टाकीत पावसाळ्यातली नदी होती.

दगडांच्या बाबतीत देशावरचे लोक भाग्यवान. सह्याद्रीचा काळा पाषाण पाण्याला सहसा बाधत नाही. त्यात पांढऱ्या गाठी दिसल्या तर लिंबू पिळून पाहा. फेस आला तर तो चुना, पाणी जड करील. धरणाचे नळाचे पाणी बहुतेक झाडांना मानवते. मराठवाड्यातल्या बोअरच्या पाण्याला मात्र आधी हिशेब लागतो, तो एका स्वतंत्र प्रकरणात मांडला आहे. दिवा सहा ते आठ तास पुरे. त्याहून जास्त उजेडाचा फायदा झाडाला कमी आणि शैवलाला अधिक. कार्बन डायऑक्साइड मोजायला रंग बदलणारा छोटा काचेचा फुगा मिळतो: निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे बेताचा, पिवळा झाला आणि मासे वर येऊन तोंड उघडू लागले, तर आधी नळी बंद करा, मग पुस्तक वाचा. उन्हाळ्यात पाणी तापले की हा वायू पाण्यात कमीच मावतो. टाकीवर टेबलफॅन लावा. माठातले पाणी गार होते त्याच न्यायाने दोन-तीन अंश उतरतात. छाटणी लवकर आणि वारंवार करा. गालिचा जाड झाला की खालची पाने अंधारात कुजतात आणि एके दिवशी अख्खा थर चटईसारखा उचलून वर तरंगतो.

एका मोहाबद्दल सांगायलाच हवे. आपल्या सह्याद्रीत या झाडांचे सख्खे नातेवाईक आहेत. ग्लॉसोस्टिग्माचा एक भाऊ भारतात उगवतो. कोकण-गोव्याच्या ओढ्यांत क्रिप्टोकोराइन आहे. सड्यांवरच्या डबक्यांत पांढरे गेंद आहेत. पाहिले की हात पुढे जातो. नेऊ नका. कास २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे हे एक कारण. दुसरे असे, की सड्यावर चार महिने पावसात आणि आठ महिने रखरखाटात जगणारे झाड तुमच्या बारमाही टाकीत बहुधा मरणारच. ओळख वाढवायची असेल तर तिथे गुडघ्यांवर बसून भिंगातून पाहा. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ अजूनही कामी येतो. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचे केंद्र आहे. उलट दिशेचा नियम याहून कडक आहे: टाकीतले काहीही बाहेर टाकू नका. ग्लॉसोस्टिग्माच्या एका जातीने अमेरिकेच्या ईशान्येकडच्या तळ्यांचे तळ व्यापले आहेत. जलपर्णीने नद्यांचे काय केले हे पुण्याच्या माणसाला वेगळे सांगायला नको. छाटलेली पाने कुंडीत घाला, कंपोस्टमध्ये घाला. नाल्यात नको.

हे पुस्तक क्रमाने वाचायची गरज नाही. हातात झाड असेल तर आधी भिंग घ्या, मग कुळांच्या तक्त्यावरून नावापर्यंत या आणि नाव सापडले की त्या पानावरचा लागवडीचा भाग वाचा. नाव सापडत नसेल तर दोन काड्या ओल्या मातीच्या काचेच्या बरणीत लावून झाकण सैल ठेवा आणि बरणी खिडकीत ठेवा. पाण्याबाहेर यांतली बरीच झाडे फुलतात आणि खरी ओळख फुलातच असते. नावे बदलत राहतात; मी जुनी आणि नवी दोन्ही दिली आहेत, कारण दुकानात अजून जुनीच चालतात. तरीही माझ्या हातून चुका राहिल्या असतील. त्या जरूर कळवा, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करीन. फक्त कळवताना फुलाचा फोटो पाठवा. नुसत्या पानावरून वाद घालणे मी सोडले आहे.